आजारी मुलांचे सलाइन

मा. संपादक,

‘सलाइन लावलंय ना, मग काळजी नाही,’ असे वॉर्डात नातेवाईक एकमेकांना सांगतात. पण सलाइन हेही औषधच. न्यूमोनिया, मेंदूज्वरात मुलाचे शरीर पाणी धरून ठेवते. त्यात कमी सोडियमचे सलाइन जात राहिले की रक्तातले सोडियम उतरते, मेंदूला सूज येते, झटके येतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१८ मध्येच २८ दिवसांपुढील बहुतेक मुलांसाठी रक्ताच्या बरोबरीचे सोडियम असलेले सलाइन सुचवले. आपल्याकडे अजूनही काही ठिकाणी सवयीने जुनीच, कमी सोडियमच्या सलाइनची बाटली टांगली जाते. अति दिलेले पाणी फुप्फुसातही साचते. रोजचे वजन, लघवीचे माप आणि सोडियमची तपासणी यांची नोंद तालुक्याच्या रुग्णालयातही सक्तीची करावी, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक परिचारिका, सातारा