कोंबड्यांच्या लसीचा वार ठरवा

संपादक साहेब, नमस्कार,

उन्हाळा आला की आमच्याकडे बायकांचं एकच बोलणं, तुझ्याकडे मर लागली का गं. मर म्हणजे राणीखेत, काही जण मानमोडी म्हणतात, कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगते आणि एकदा लागली की औषध नाही, अख्खं खुराडं रिकामं होतं. आता लस नाही का, तर आहे की, पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा नावाच्या लसीचा थेंब आणि साधारण दोन महिन्याला आरटूबी नावाच्या लसीचं इंजेक्शन. पण बाटली येते शंभर नाहीतर जास्त कोंबड्यांची आणि आमच्या घरी असतात दहा-बारा, एकदा कालवली की दोन तासांत संपवायला लागते, नेताना बर्फात ठेवायची ते वेगळंच. मग एकटी बाई कशाला आणेल? शेजारीण म्हणते तुझ्या झाल्या की उरलेली मला दे, तोवर ती वाया गेलेली असते.

पशुवैद्यकीय दवाखान्याने गावात महिन्यातून एक वार ठरवावा, आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर मेसेज टाकावा, आणि यावं ते सकाळी लवकर, कोंबड्या खुराड्यात असतानाच, एकदा उकिरड्यावर गेल्या की कोण पकडणार. आजारी कोंबडीला लस देत नाहीत हेही सांगा, लोकांना माहीत नसतं. अंड्याचे पैसे बाईच्या हातात राहतात हो, पोरांच्या वह्या-पेनं त्यातूनच येतात, म्हणून एवढं कळकळीने लिहिलंय.

– एक कोंबडीपालक, रत्नागिरी जिल्हा