इंग्रजी खताच्या गोणीवरही असते

महोदय,
राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी आमच्याकडची सातवीतली पोरं 'मे आय कम इन'च्या पुढे सरकत नाहीत. मी वर्गात खताच्या रिकाम्या गोण्या, सरकीच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे आणायला सांगायचे. 'सीड', 'नेट वेट', 'एक्स्पायरी' हे शब्द घरातच सापडले. एकाने तर मुदत संपलेलं औषध वडिलांना दाखवून दिलं! मग जोडीजोडीने दुकानदार-गिऱ्हाईक व्हायचं. बोलणं चालू असताना चूक काढायची नाही, हे मात्र मलाच जड गेलं. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांनाही याच पिशव्यांवरून पुन्हा सुरुवात करता येते. शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्यांना असं साहित्य एकमेकांना दाखवायला तासभर तरी द्यावा. सध्या तो वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो.

– एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई, जि. बीड