भांडेवाडीत मीटरही फिरवा

महोदय,
नागपुरातल्या भांडेवाडी कचरा डेपोतला जुना कचरा उकरून चाळताना किरणोत्सारही तपासावा, ही कळकळीची विनंती. मी रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ होतो. किरणोत्सार मोजणारा मीटर ढिगापासून वीतभर अंतरावर अगदी सावकाश फिरवावा लागतो. घाई केली, की मीटरची टकटक वाढण्याआधीच आपण पुढे गेलेलो असतो. मातीचा जाड थर भेदक गॅमा किरणही अडवतो, म्हणून एकेक थर काढून पुन्हा मोजायचे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा जीव घेतला. त्याची तीव्रता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाला तीस! आपल्या बाया उघड्या हातांनी लोखंड वेचतात हो. चाळणीच्या पट्ट्यावर एक डिटेक्टर तरी बसवाच.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, नंदनवन, नागपूर