तार आणि पहिला अँप्लिफायर: आई-बाबांना पत्र

ऐरोली, नवी मुंबई
जुलै

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की कणांचे सिग्नल वाचणाऱ्या आमच्या एका बोर्डावर आठच चॅनल, मग महिनोन् महिने कशाला लागतात. प्रश्न रास्त आहे आणि फोनवर त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आईला अँटिप्रोटॉनांच्या धोक्याची वाटणारी काळजी आधी दूर करते.

आई, इथे ऐरोलीत अँटिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे उलट विद्युतभाराचे जुळे कण, नाहीत. ते तयार करायला मोठा प्रवेगक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, लागतो. १९५५ साली अमेरिकेत बर्कलीच्या बेव्हाट्रॉनवर सेग्रे आणि चेंबरलेन यांच्या गटाला ते पहिल्यांदा सापडले आणि १९५९ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. आज जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये ते मंद करून सापळ्यात धरून ठेवतात. आमचं काम ज्या धर्तीचं आहे तो पांडा हा प्रयोग जर्मनीतल्या डार्मस्टाटला, फेअर या केंद्रासाठी आखलेला आहे. भारतही या केंद्राच्या संस्थापक देशांपैकी एक आहे. तिथे अँटिप्रोटॉन एका कड्यात वेगाने फिरत राहायचे आणि वाटेत हायड्रोजनचा बारीक झोत सोडलेला असायचा, अशी ती योजना. सेकंदाला सुमारे २ कोटी टकरी होतील. एवढ्या टकरींत अँटिप्रोटॉन आणि प्रोटॉन यांचं सगळं वस्तुमान ऊर्जेत बदललं तरी हिशेब सेकंदाला ६ मिलिज्यूलच्या आसपास येतो. पॅनलवरचा इंडिकेटर दिवासुद्धा त्यावर नीट पेटणार नाही. प्रवेगकाच्या दालनात किरणोत्सर्ग असतोच, म्हणून झोत चालू असताना तिथे कोणाला जाऊ देत नाहीत. आम्ही इथे वापरतो तो लोह-५५ चा सीलबंद स्रोत. त्यातून निघणारे ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की पातळ पत्र्यानेही अडतात. त्याचीसुद्धा नोंदवही आहे, कुलूप आहे, आणि अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आहेत. तेव्हा निर्धास्त राहा.

आता बाबांचा प्रश्न. टक्कर झाली की त्यातून निघालेले कण कुठून कसे वळत गेले हे पाहायला पातळ नळ्यांचा गठ्ठा लागतो. पांडाच्या आराखड्यात अशा ४६३६ नळ्या आहेत. नळी १० मिलिमीटर व्यासाची, जेमतेम दीड मीटर लांब, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलरची, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची. भिंत फक्त २७ मायक्रॉन जाडीची आणि अख्ख्या नळीचं वजन अडीच ग्रॅम. मध्यातून सोन्याचा मुलामा दिलेली, २० मायक्रॉन जाडीची टंगस्टनची तार जाते. आत आर्गॉन ९० टक्के आणि कार्बन डायऑक्साइड १० टक्के, २ बार दाबाने. बाहेरच्या हवेपेक्षा आत १ बार जास्त असल्यामुळे नळी स्वतःच ताठ राहते. प्रत्येक तारेला ५० ग्रॅमचा ताण द्यायचा म्हणजे सगळ्या मिळून २३० किलो होतात. तो भार पेलायला एरवी जाडजूड चौकट लागली असती आणि कण तिच्यातच अडखळले असते. इथे तो भार दाबाखालचा वायू उचलतो. मला या सगळ्या रचनेत हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते.

तारेचा ताण मोजण्याची रीत तुम्हाला आवडेल. तारेजवळ चुंबक धरायचा, तारेतून बदलता प्रवाह सोडायचा आणि कोणत्या कंपनसंख्येला तार सर्वांत जोरात थरथरते ते शोधायचं. १.४ मीटर लांबी आणि ५० ग्रॅम ताण धरला तर उत्तर १०० हर्ट्‌झच्या आसपास येतं. आणि १०० हर्ट्‌झ म्हटलं की मेनच्या ५० ची दुप्पट, म्हणजे रेक्टिफायरची घरघर, हे तुम्हाला सांगायला नको! म्हणून या मोजणीला बॅटरीवरचं यंत्र घेणं बरं. मेनवरच्या सप्लायने मोजलेला ताण खरा की घरघर, याचा भरवसा देता येत नाही.

तारेवर सुमारे १८०० व्होल्ट असतात. कण नळीतून गेला की वायूतल्या अणूंमधून शे-दोनशे इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात आणि तारेच्या अगदी जवळ आले की एकाचे पन्नास हजार होतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण एका इलेक्ट्रॉनापासून झालेला लोंढा म्हणजे फक्त ८ फेमटोकुलंब विद्युतभार. त्यातलाही मोठा भाग लगेच हाती लागत नाही, कारण सिग्नल मुख्यतः धन आयन तारेपासून दूर सरकण्याने उमटतो आणि ते आयन सावकाश चालतात. पहिल्या १५-२० नॅनोसेकंदांत जेवढा वाटा येतो, तेवढ्यावर आमचा अँप्लिफायर चालतो. उरलेली लांब शेपटी पुढच्या कणाच्या अंगावर येऊ नये म्हणून अँप्लिफायरच्या चिपमध्येच कापून टाकावी लागते.

सगळा वेळ जातो तो तार आणि पहिला अँप्लिफायर यांच्यामधल्या हातभर अंतरात. पुढे एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी डिजिटल चिप), फायबर, संगणक, काहीही चांगलं लावा. इथे जे हरवलं ते पुढे परत मिळत नाही. अख्ख्या नळीची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, १२-१३ पिकोफॅरड. नेहमीच्या कोअ‍ॅक्स केबलची मीटरला १०० पिकोफॅरड. म्हणजे फूटभर केबल जोडली की नळीच्या दुप्पट कपॅसिटन्स इनपुटवर आली, आणि अँप्लिफायरचा नॉईज, म्हणजे त्याची स्वतःची खरखर, तिच्याबरोबर वाढतो. म्हणून बोर्ड नळीच्या टोकाला जेवढा चिकटून बसवता येईल तेवढा बसवायचा. पण तिथे जागा नाही, उष्णता बाहेर जायला वाट नाही, आणि शेजारी १८०० व्होल्ट. ही ओढाताण कोणत्याही आराखड्यात पुरती सुटत नाही. मी उष्णतेच्या बाजूने तडजोड करते, केबलच्या बाजूने नाही.

तारेवर व्होल्टेज आणि तारेवरच सिग्नल, म्हणून मध्ये हाय व्होल्टेजचा कपॅसिटर लागतो. नऊशे-हजार पिकोफॅरड, ३ किलोव्होल्टचा सिरॅमिक. सर्वांत जास्त त्रास हा भाग देतो. त्याच्या पृष्ठभागावरून किंचित गळती झाली की मधूनच एक टिचकी येते, आणि ती टिचकी स्कोपवर हुबेहूब खऱ्या कणासारखी दिसते. कारण बहुतेक वेळा एकच: कपॅसिटरच्या पोटाखाली राहिलेला, झाळताना वापरलेला फ्लक्स. वरून बोर्ड लख्ख दिसतो, भिंगाखाली तिरक्या उजेडात धरला की पिवळसर, चिकट थर दिसतो. डिसेंबरात तो निमूट असतो. जुलैत खाडीवरची दमट, खारी हवा आत आली की ओला होतो आणि वीज वाहायला लागतो. म्हणून झाळकाम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुणं, मऊ ब्रश पोटाखाली फिरवणं, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवणं आणि गार होण्याआधीच संरक्षक लेप. लेप आधी आणि वाळवण नंतर केली तर ओल आतच कोंडली जाते, मग तो बोर्ड कितीही धुतला तरी सुधारत नाही. त्यानंतर प्रत्येक चॅनल २००० व्होल्टवर चोवीस तास ठेवायचा आणि टिचक्या मोजायच्या. हे कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर सुटे घ्यायचे नाहीत. वस्तू वाईट असते असं नाही, पण लॉट कोणता ते कळत नाही, आणि एक बिघडला तर बाकीचे कुठे बसवले ते शोधता येत नाही.

नळीत कधी ठिणगी पडली तर त्या कपॅसिटरमधला दीड मिलिज्यूल एका झटक्यात चिपच्या इनपुटवर येतो. तेवढ्यात चॅनल मरतो. त्यासाठी इनपुटला मालिकेत छोटा रेझिस्टर आणि दोन्ही दिशांचे डायोड. पण डायोडचीही कपॅसिटन्स असते, म्हणजे पुन्हा नॉईज. मोठा डायोड लावून निश्चिंत व्हावंसं वाटतं, पण तो मोह टाळावा लागतो.

अर्थिंगचं तर तुम्ही आयुष्यभर पाहिलंत. इथली अडचण अशी की नळीची बाहेरची बाजू, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, हीच ग्राउंड, आणि त्याला झाळ धरत नाही. बारीक स्प्रिंग किंवा चांदीयुक्त गोंद वापरावा लागतो. स्पर्श सैल झाला किंवा खाली ऑक्साइड चढला की एका नळीचा सिग्नल शेजारणीत उमटतो. खूण ठरलेली आहे: दोन शेजारच्या नळ्या नेहमी एकाच क्षणी वाजतात, आणि त्यातली एक नेहमी लहान.

वायूच्या बाजूला एकच पथ्य कडक पाळायचं, सिलिकॉन नको. सिलिकॉनचं सीलंट नको, ग्रीस नको, बाहेर पडणाऱ्या वायूच्या बुडबुडा-बाटलीत सिलिकॉन तेल नको, हाताला क्रीम लावून काम करायचं नाही. त्याची वाफ तारेजवळ फुटते आणि तारेवर कवच चढतं. तार जाड झाली की वर्धन, म्हणजे एकाचे पन्नास हजार होणं, कमी पडतं, आणि ती साफ करता येत नाही.

आता थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल मोजला जाण्यासाठी ओलांडायची पातळी. कण तारेपासून किती अंतरावरून गेला हे आम्ही वेळेवरून ओळखतो. ५ मिलिमीटर यायला इलेक्ट्रॉनांना दीडशे नॅनोसेकंदांच्या पुढे लागतात, म्हणजे १ नॅनोसेकंद चुकला की ढोबळमानाने ३० मायक्रॉन चुकले. साध्य करायचंय १५० मायक्रॉन. थ्रेशोल्ड खाली ठेवला तर नॉईजच मोजला जातो. वर ठेवला तर दुबळा सिग्नल उशिरा ओलांडतो, आणि सबळ व दुबळ्यात पाच-सहा नॅनोसेकंदांचा फरक सहज पडतो. म्हणून सिग्नल थ्रेशोल्डच्या वर किती वेळ राहिला हेही नोंदवतात. त्यावरून उशीर दुरुस्त होतो आणि कणाने किती ऊर्जा टाकली याचाही अंदाज येतो, म्हणजे प्रोटॉन की त्याहून हलका पायॉन ते ओळखायला मदत होते. पोलंडच्या क्राकूमध्ये यासाठीच पास्ट्रेक नावाची आठ चॅनलांची चिप बनली. बोर्डावर आठच चॅनल का, त्याचं उत्तर हेच. प्रत्येक चॅनलला १ पिकोफॅरडमधून १० मिलिव्होल्टची पायरी देऊन, म्हणजे १० फेमटोकुलंब टाकून, थ्रेशोल्ड वर-खाली फिरवायचा आणि निम्मे सिग्नल जिथे मोजले जातात तो आकडा टिपायचा. आठही चॅनलांचे आकडे वेगळे येतात. ते जुळवल्याशिवाय बोर्ड पुढे जात नाही. शेवटची परीक्षा आकाशातून येणाऱ्या म्युऑन कणांवर होते. एका नळीतून ते सेकंदाला दोन-तीन जातात. फुकट आणि चोवीस तास.

पांडात ‘आता नोंद घ्या’ असं सांगणारा ट्रिगर नाही. हवी ती घटना आणि नको ती घटना बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून प्रत्येक चॅनल आपापला वेळ टिपून पाठवतो आणि निवड नंतर संगणकात होते. त्यामुळे सगळ्या बोर्डांचं घड्याळ एकच लागतं. ते फायबरमधून येतं. वीज जाऊन आली की फायबरचा रिसीव्हर कधीकधी वेगळ्या टप्प्यावर जुळतो आणि एका बोर्डाचे सगळे वेळ काही नॅनोसेकंदांनी सरकतात. बोर्ड निरोगी दिसतो, आकडे मात्र खोटे येतात. पावसाळ्यात वीज इतकी जाते-येते की ही चाचणी इथे आपोआपच होते, आणि दर वेळी वीज आल्यावर घड्याळ तपासणं मी सक्तीचं केलंय.

काका विचारत होते की फेअरमधला अँटिप्रोटॉनचा भाग पुढे ढकलला गेला, मग हे काम फुकट का? नाही. याच धर्तीच्या नळ्या आणि हीच चिप डार्मस्टाटच्या हाडेस प्रयोगात बसवली गेली आणि २०२२ च्या प्रोटॉन झोतात तिने काम केलं. बोर्ड नीट बनवलेला असला की तो वाट पाहू शकतो.

गणपतीला येईन तेव्हा एक बाद झालेला बोर्ड घेऊन येते. बाबा, तुमचं दुकानातलं भिंग काढून ठेवा. कपॅसिटरच्या पोटाखालचा थर तुम्हाला दाखवायचाय, आणि स्प्रिंगच्या स्पर्शाबद्दल तुमचं मत हवंय. तुम्ही जुन्या ट्यूनरचे बँड-स्विच कसे साफ करून टिकवायचात ते मला नीट लिहून घ्यायचंय. आई, कोकमं आणि कुळथाचं पीठ संपलंय, तेवढं बांधून ठेव.

तुमची,
मंजू