भाकरी सोडण्याआधी

भात-भाकरी वर्ज्य करून वजन घटवण्याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. या आहाराने वजन झपाट्याने उतरते हे खरे; परंतु पहिल्या आठवड्यातील घट बरीचशी पाण्याची असते, कारण शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेच्या साठ्यासोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, हे सांगायचे राहून गेले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ६०९ जणांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर कमी कर्बोदके (भात-भाकरीतील पिष्टमय घटक) घेणाऱ्यांचे सरासरी ६ किलो, तर कमी स्निग्ध पदार्थ घेणाऱ्यांचे ५.३ किलो वजन घटले. म्हणजे फरक नाममात्रच.

मधुमेहींच्या रक्तातील साखर या आहाराने उतरते हा मोठा लाभ मला मान्य आहे, पण धोकाही नेमका तिथेच आहे. माझ्या वडिलांनी इन्सुलिनचे प्रमाण तेच ठेवून ज्वारीची भाकरी बंद केली, ताटात नुसते मटण आणि पांढरा रस्सा घेऊ लागले, आणि चौथ्या दिवशी दुपारी दरदरून घाम फुटून त्यांच्या हातातली वाटी गळून पडली. साखर उतरली होती. इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नये, एवढी सूचना आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर