नेरूळच्या काकूंना, त्या चिकट प्लेटबद्दल

काकू,

तुम्ही पुण्याला शिफ्ट झालात त्या संध्याकाळी मी घणसोलीजवळ बंद पडलेल्या लोकलमध्ये उभा होतो, त्यामुळे नीट भेट झालीच नाही, आणि फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "जेवलास का" वर येता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता टाळून दाखवा.

बाकीच्यांसाठी सांगतो, या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळी नोकरी बॅक्टेरियाच्या जेनेटिक्समध्ये काढलेली, आणि मी दोन वर्षं त्यांना फक्त "कढीपत्ता देणाऱ्या काकू" म्हणून ओळखत होतो.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ई. कोलाय या बॅक्टेरियाचे म्युटंट करत होतो, म्हणजे डीएनएचा एक उडता तुकडा जीनोममध्ये कुठेतरी घुसवायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. इन्क्युबेटर बंद पडला, प्लेट्स शनिवार-रविवार बाहेरच राहिल्या आणि सोमवारी बघतो तर तीन कॉलनी साबुदाण्याच्या खिरीसारख्या, चकचकीत, प्लेट उलटी केली की ओघळतायत. गाइड म्हणाले कंटॅमिनेशन आहे, क्लेबसिएला असेल (दुसरा एक चिकट बॅक्टेरिया), ऑटोक्लेव्ह कर, म्हणजे वाफेत मारून टाक, आणि नव्याने सुरू कर. मी तोंड पाडून लिफ्टमध्ये, तुम्ही विचारलंत काय झालं, आणि मी फोटो दाखवला. तुम्ही तो झूम करून इतका वेळ बघितलात की लिफ्ट दोनदा वर जाऊन खाली आली.

"फेकू नकोस. आधी इंडोल कर." बस एवढंच. इंडोल टेस्ट केली, ई. कोलायला येते तशी लाल रिंग आली, म्हणजे क्लेबसिएला असण्याची शक्यता बरीच कमी झाली. मग तुम्ही म्हणालात थोडा यूव्ही दे आणि मायक्रोस्कोपखाली बघ, आणि काकू खरं सांगतो, शेवया होत्या शेवया! एरवी आखूड दांडीसारखा दिसणारा बॅक्टेरिया लांबच लांब, कुठे तुटतच नाही.

मग ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती चालता चालता तुम्ही मला सुसान गॉट्समनची गोष्ट सांगितलीत, हप्त्याहप्त्याने, मध्येच थांबून कुणाच्या तरी कुत्र्याला हाक मारत. बाई अमेरिकेत बेथेस्डाला, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, आणि काम मात्र ई. कोलायवर (हे मला अजूनही भारी वाटतं). लॉन नावाचा प्रोटीएज असतो, तो पेशीतली काही प्रोटीन्स कापून संपवतो. यूव्हीने डीएनए बिघडला की पेशी सुलए नावाचं प्रोटीन बनवते, त्याने विभागणी थांबते, दुरुस्ती झाली की लॉन त्याला कापतो. लॉनच नसेल तर सुलए तिथेच बसून राहतं आणि पेशी नुसती लांबत जाते. हे 1983 मध्ये तिच्या लॅबने दाखवलेलं. आणि चिकटपणा का? तर कॅप्सूल, म्हणजे पेशीभोवतीचा चिकट थर, चालू करणारं आरसीएसए नावाचं प्रोटीन पण लॉनच कापतो, लॉन गेला की कॅप्सूल मोकाट, त्यात थंड तापमानाला जास्तच. म्हणजे माझा बंद इन्क्युबेटर कामाला आला म्हणायचा.

पण तुमचा खरा आवडता भाग पुढचा होता. आरसीएसएच्या जीनशेजारचा डीएनएचा तुकडा जास्त कॉपीत घातला की कॅप्सूल वाढत होती, आणि शोधलं तर तिथे प्रोटीन नव्हतंच, पंच्याऐंशीएक बेसचा छोटासा आरएनए, डीएसआरए, 1995. तो थंडीत वाढतो आणि आरपीओएस या ताणाच्या वेळी लागणाऱ्या प्रोटीनच्या मेसेंजर आरएनएची गाठ सोडवतो, मग प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमला बसायला जागा मिळते. त्यातूनच गॉट्समन छोट्या आरएनएंच्या कामात शिरली, 2001 मध्ये गिसेला स्टॉर्झच्या लॅबसोबत असे डझनाहून जास्त नवे शोधले.

2002 चा आरवायएचबी तुम्ही पाणीकपातीवरून समजावलात. लोखंड कमी पडलं की हा आरएनए तयार होतो आणि लोखंड खाणाऱ्या, पण त्या घडीला नसली तरी चालणाऱ्या प्रोटीन्सचे मेसेंजर नष्ट करवतो. "टँकरचं पाणी आहे ना, मग वॉशिंग मशीन बंद, प्यायचं तेवढं ठेवायचं." फर नावाचं प्रोटीन जीन बंद करणारं म्हणून माहीत होतं, मग ते काढलं की काही जीन चालू व्हायच्या ऐवजी अजून कमी कसे होतात, हे कोडं बरीच वर्षं होतं. उत्तर एवढंच की फर आरवायएचबीला दाबून ठेवतो, आणि आरवायएचबी त्या जीन्सना. हे कळलं तेव्हा मी त्या ट्रॅकवर मोठ्याने हसलो होतो, तुम्ही म्हणालात लोक बघतायत.

माझ्या म्युटंटचं सीक्वेन्सिंग केलं तर तुकडा लॉनच्या जीनमध्येच घुसलेला निघाला. नवीन काही नाही, जुनीच गोष्ट, गाइडना पण फार काही वाटलं नाही. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी बघितलंय असं वाटलं, आणि तुम्ही त्या दिवशी शिरा केलात.

आता महापेला एका कंपनीत आहे, रोज बीएल21 हा ई. कोलायचा स्ट्रेन वाढवतो. इंटरव्ह्यूला विचारलं हाच स्ट्रेन का, मी म्हटलं त्यात लॉन नसतो म्हणून, आपलं प्रोटीन कापलं जात नाही. समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. नोकरी त्या उत्तरामुळे लागली का माहीत नाही, पण ते उत्तर तुमचं होतं.

कढीपत्ता जगलाय, मी घालतो पाणी. आणि परवा एका प्लेटवर एक विचित्र सपाट कॉलनी आलीये, फोटो व्हॉट्सॲप केलाय, जेवलास का विचारायच्या आधी तो उघडा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा