तुझ्या उशीखालचं मटारचं पाकीट

सोन्या,

मराठीत लिहितोय, वाचायला तुला वेळ लागेल, लागू दे, अडलं तर आईला विचार. समोर बसून बोलायला गेलो की तू 'आय नो बाबा' म्हणून हेडफोन घालतोस, म्हणून हा खटाटोप.

काल आई पुलावासाठी फ्रीझरमध्ये मटार शोधत होती आणि पाकीट सापडलं तुझ्या उशीखाली, ओलं, आतला मटार पार लिबलिबीत. म्हणजे कोपर दुखतंय आणि तू रात्री गुपचूप त्याला थंडावा देतोयस. किती दिवस? गुरुवारी बेसबॉल लीगच्या मॅचला तू 80 च्या आसपास बॉल, तुमच्या भाषेत पिच, टाकलेस. लिटल लीगचा, म्हणजे पोरांच्या बेसबॉलचा, नियम तुलाच पाठ आहे, तुझ्या वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच आणि 66 किंवा जास्त झाले की 4 दिवस हात बंद. पण शनिवारी तू दुसऱ्या टीमकडून परत माउंडच्या उंचवट्यावर, पिच टाकायला! त्या कोचने विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, आणि मला दोन्हीकडचं माहीत असून मी खुर्ची टाकून टाळ्या वाजवत बसलो. त्यामुळे ओरडायचा हक्क मला निम्माच आहे.

पण विचारल्यावर तू काय म्हणालास, तर कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन करून घेईन, त्याने स्पीड वाढतो. अरे, ते ऑपरेशनचं नाव नंतर झालं, आधी तो माणूस होता. लॉस एंजेलिस डॉजर्स टीमचा डावखुरा पिचर. 1974 चा सीझन मस्त चालू, 13 जिंकलेल्या 3 हरलेल्या, आणि जुलैमध्ये पिच टाकताना कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारी पट्टी, गेलं. तो स्वतःच माउंडवरून खाली चालत आला, कळलं का, स्वतः. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोबने त्याच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात, हाडाला भोकं पाडून, ओवला. आपण टेबलावर करून बघितलं होतं ना, अंगठा करंगळीला लावून मनगट जरा वाकवायचं, मधोमध दोरीसारखा वर येतो तोच हा टेंडन. माझ्या दोन्ही हातांना तो आहे, तुझ्या डाव्याला नाहीच.

जोब म्हणाला होता परत पिचिंगचा चान्स शंभरात एक. मग नर्व्हचा त्रास, बोटं आखडून पक्ष्याच्या पंजासारखी, परत ऑपरेशन, आणि 1975 मध्ये एकही मॅच नाही. 1976 ला आला तो थेट 1989 पर्यंत, वयाच्या 46 पर्यंत टाकत राहिला. 288 विन्स, त्यातल्या 164 ऑपरेशननंतरच्या. तुम्हा पोरांना हा 164 चा आकडा तोंडपाठ, त्या बोटांचं कोणी बोलत नाही. आणि स्पीडचं म्हणशील तर स्पीडवर तो कधी जगलाच नाही, सगळा खेळ सिंकरचा, म्हणजे शेवटी खाली बसणाऱ्या बॉलचा, बॅटरने बॉल जमिनीवरच मारावा म्हणून. नवीन लिगामेंटने स्पीड येत नाही रे, नंतर वर्षभर जी मेहनत करतात त्याने येत असेल, आणि ती मेहनत धडधाकट कोपराने पण करता येते.

त्याच्याच टीमच्या सँडी कोफॅक्सने 1966 ला 27 मॅच जिंकल्या आणि त्याच वर्षी, 30 व्या वर्षी, कोपराच्या आर्थ्रायटिसपायी खेळ सोडला. तेही वाच कधीतरी.

मी डोंबिवलीला क्रिकेटमध्ये टेनिस बॉलने टाकायचो, आमच्यात कोपर वाकवून झटका दिला की 'चकर चकर' म्हणून अख्खं मैदान बोंबलायचं, तुमच्यात कोपराचा झटका दिल्याशिवाय बॉल जातच नाही आणि सगळा ताण त्या एवढ्याशा पट्टीवर. त्यामुळे काका म्हणतो ना, आम्ही दिवसभर टाकायचो काही झालं नाही, ते सोडून दे.

परवा साडेचारला डॉक्टरकडे जायचंय, शाळेतून परस्पर घेतो तुला. तोपर्यंत बॉलला हात नाही. दोन्ही कोचना तू स्वतः सांगायचंस, मी फोन करणार नाही, फार तर गाडीत शेजारी बसेन. आणि आईस पॅक आणलाय, दाराच्या कप्प्यात निळा. मटार खायचा आहे.

बाबा